सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे दहावीनंतर मराठीत चार पानं लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारून घ्याव्यात. विषयातल्या चुका मात्र माझ्या!

विषय सुचला तो घरातल्या एका वादातून. माझा मामा कॅनडात, विनिपेगला असतो. दर उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर दूर उत्तरेकडच्या एका तळ्यावर मासे पकडायला जातो. तिथपर्यंत रस्ताच नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान त्यांना सोडून जातं आणि आठवड्यानं परत न्यायला येतं. गेल्या जुलैत त्यानं फोटो पाठवला. हातात मीटरभर लांबीचा, हिरवट, मगरीसारख्या तोंडाचा मासा! आईनं लगेच फोन लावला. "केवढा रे हा! कालवण केलं की तळला?" मामा म्हणाला, "ताई, सोडून दिला." आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "सोडायचाच होता, तर पकडलास कशाला?"

मामाला काही धड उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. सुट्टीत जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं, ते इथे मांडते.

मामाचे मासे

त्या तळ्यांत दोन मासे प्रसिद्ध. एक पाइक, फोटोतला. पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसायचं आणि भक्ष्य जवळ आलं की बाणासारखी झेप घ्यायची, ही त्याची पद्धत. दात असे की साधी दोरी कापली जाते, म्हणून गळाच्या वर वीतभर तार लावावी लागते. दुसरा वॉलाय. त्याच्या डोळ्यामागे मांजरीच्या डोळ्यासारखा प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे तो संधिप्रकाशात शिकार करतो. खायला अतिशय चवदार.

वर्षातले कितीतरी महिने ही तळी बर्फाखाली असतात. थंड पाण्यात मासा सावकाश वाढतो. मीटरभर पाइक म्हणजे सहज दहा-पंधरा वर्षांचा जीव, आणि एवढी मोठी असते ती बहुधा मादी. लहान मादीपेक्षा ती कितीतरी पट जास्त अंडी घालते. म्हणून तिकडे अनेक तळ्यांवर नियम आहे की ठरावीक मापाखालचे मोजके मासे ठेवा आणि मोठे सोडा. मामाची मंडळी दुपारी छोटे वॉलाय काठावरच तळून खातात. म्हणजे ते उपाशी राहत नाहीत, हे आईला कळवलं आहे.

थोडं मेकॅनिक्स

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, तेव्हा मला पडलेला पहिला प्रश्न वेगळाच होता. दहा किलोला तुटणाऱ्या तंगुसावर वीस किलोचा मासा येतो कसा?

पहिली गोष्ट आर्किमिडीजची. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ शून्य असतं. दोरीवर येतो तो त्याच्या शेपटीचा जोर आणि त्याचे झटके. दुसरी गोष्ट काठी. ती म्हणजे टोकाकडे निमुळता होत गेलेला कॅन्टिलिव्हर. झटका बसला की ती वाकते, थांबण्याचा वेळ वाढतो आणि बल कमी होतं. पहिल्या वर्षाला शिकलेला इम्पल्सचा धडा, दुसरं काही नाही. तिसरी गोष्ट रिळाचा ड्रॅग. हा घर्षणावर चालणारा क्लच असतो. दोरीच्या तुटण्याच्या ताणाच्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर तो लावतात. त्याहून जास्त ओढ आली की रीळ घसरतं आणि दोरी सुटत जाते.

यात एक गंमत आहे. मासा पळाला आणि निम्मी दोरी बाहेर गेली की रिळावरच्या गुंडाळीची त्रिज्या कमी होते. टॉर्क तोच, त्रिज्या लहान, म्हणजे दोरीतला ताण आपोआप वाढतो! नवखा माणूस घाबरून नेमका याच वेळी ड्रॅग आणखी आवळतो आणि दोरी तुटते. व्हायव्हात विचारावा असा प्रश्न आहे.

सोडण्यालाही शास्त्र आहे. दमलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं आणि त्याला ऑक्सिजन हवा असतो. वीस अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन दर लिटरला विरघळतो. तीस अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तासभर झुंजवून सोडलेला मासा पोहत गेला तरी जगेलच असं नाही. म्हणून मजबूत दोरी वापरून झुंज लवकर संपवायची, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायचा, हात ओले करूनच माशाला धरायचं आणि फोटो काही सेकंदांत उरकायचा. मग प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत पाण्यातच आधार द्यायचा. हे जमणार नसेल, तर सोडण्याचं पुण्य आपल्या पदरात पडत नाही.

आपला महसीर

पाइक आपल्याकडे नाही. पण गळाला लावण्यासाठी जगभरचे लोक जिथे येत, असा मासा आपल्या दख्खनच्या नद्यांचाच आहे. तो महसीर. मोठमोठे खवले, जाड ओठ, जबड्यात दात नाहीत पण घशात आहेत आणि त्यांनी तो शिंपलेही फोडतो. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर शास्त्रात नोंदवला. त्याचं आजचं नाव टॉर खुद्री. (ही पुण्याची मुळा. हरिश्चंद्रगडावरून येऊन प्रवरेला मिळणारी आपली मुळा वेगळी!) महसीर किती मोठा होतो? १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं काबिनी नदीत पकडलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा होता.

महसीर पावसाळ्यात पुराबरोबर प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि स्वच्छ, खळाळत्या पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी घालतो. आता आपला जिल्हा पाहा. प्रवरेवर भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. ११ टीएमसी पाणी, ऐंशी मीटरच्या वर उंच भिंत. त्या पाण्यावर आपला ऊस, आपली गावं, आपलं हॉस्टेलही उभं आहे, हे मी विसरत नाही. पण मासा ती भिंत चढणार कसा? बंगालमध्ये फरक्क्याच्या बंधाऱ्यात माशांसाठी लॉक ठेवलेलं आहे, म्हणजे इंजिनिअरांना हा प्रश्न सुचतो. आम्हा सिव्हिलवाल्यांच्या अभ्यासात स्पिलवे आला, सिल्ट आली, मासा मात्र एका ओळीतही भेटला नाही.

लोणावळा ते कावेरी

१९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी महसीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी टॉर खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. काम खरोखरच मोठं. ही बोटुकली देशभर वाटली गेली आणि दूर कावेरीतही सोडली गेली.

पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महसीर होता. पाठीवर उंचवटा, पर नारिंगी. मोठ्या मापाच्या महसीरसाठी कावेरी ओळखली जायची ती याच्यामुळे. कावेरीवरच्या गालिबोरे इथल्या कॅम्पमध्ये गळवाले प्रत्येक माशाची नोंद वहीत करून तो सोडून देत. शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांचा बाहेरून आलेला महसीर वाढत गेला आणि नारिंगी परांचा जवळजवळ दिसेनासा झाला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी हेही त्या नदीचे शत्रू आहेतच. २०१८ मध्ये या माशाची ओळख टॉर रेमादेवी म्हणून पक्की झाली आणि तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असल्याचं जाहीर झालं. त्याआधी त्याला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं!

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी नुकसान झालं. आणि ते कळलं कशामुळे, तर पकडून सोडणाऱ्यांच्या वह्यांमुळे. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

उरलेलं अर्धं उत्तर

ते मिळालं राहुरीजवळ. माझ्या रूममेटचे वडील मुळा धरणावर मासेमारी करतात, संस्थेचे सभासद आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी राहिले. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते जाळं काढायला निघाले, आम्ही दोघी काठावर. मामाचा फोटो मी त्यांना दाखवला होता. परत आल्यावर म्हणाले, "पोरी, तुझा मामा हौसेला मासं धरतो, आम्ही पोटाला."

मी जरा ओशाळले. पाटीत आठ-दहा किलोचा एक कटला होता. मी धीर करून विचारलं, "काका, एवढा मोठा मासा सोडला, तर पुढे पिल्लं नाही का होणार?" ते हसले. "कटला सोडून काय करू? धरणाच्या ठाण्या पाण्यात तो पिल्लं देत न्हाई. संस्था बीज टाकती म्हणून तो हाय. पेरला तो काढायचा. पण मरळ? तिच्यासंगं लाल पिल्लांचा थवा फिरत असला, तर मी हात लावत न्हाई. आई गेली की थवा दोन दिवसांत खलास. आन् जाळ्याची आस बारीक केली तर आज पाटी भरती, फुडल्या साली चूल इझती."

किती साधी वाटणी आहे ही! कटला हे पीक. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी काढायचं, त्यात पाप नाही. पिल्लांची मरळ, नदीतला मोठा महसीर, मामाच्या तळ्यातली म्हातारी पाइक हे बियाणं. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचं पोतं शेवटपर्यंत फोडत नाही. काकांना हे पोटानं शिकवलं, मामाला तिकडच्या नियमानं.

वाळण कोंडीला, महाडजवळच्या काळ नदीच्या डोहात, महसीर देवीचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित आहेत. कोणी पकडत नाही, उलट खायला घालतात. म्हणजे बियाणं राखायला गळ हवाच असंही नाही. मासा पकडायचा हक्क कोणाला आणि कशासाठी, यावर आमच्या रूममध्ये अजून वाद चालू आहे. रूममेट म्हणते, "मजेसाठी जिवाला गळ टोचणं मला नाही पटत." मला तिचं खोडून काढता आलेलं नाही.

कुणाला गळ घेऊन जायची हुक्की आलीच, तर दोन सूचना. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. धरणांवर मासेमारीचा हक्क संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी घ्या. आणि वही न्या. तारीख, जागा, मासा, लांबी एवढं लिहिलंत तरी पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पटलं. मोठी सोडली ते बरंच केलं. पण त्याला सांग, फोटो काढायला तिला पाण्याबाहेर एवढा वेळ धरत जाऊ नकोस."

मामाला तसं कळवलं आहे.