गजकर्णाची गोळी घेण्याआधी

गजकर्ण किंवा नायटा हा कातडीच्या वरच्या थरावर जगणाऱ्या बुरशीचा संसर्ग. लालसर, खवलेदार कड बाहेर सरकत जाते, मधला भाग निवळतो. पावसाळ्यात बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, आणि जांघेत, कमरेच्या नाडीखाली या बुरशीचे फावते. टॉवेल-अंथरुणातून ती घरभर पसरते.

लहान चट्ट्याला मलम पुरते. संसर्ग अंगभर पसरला किंवा केसांत, नखांत शिरला, की पोटातून औषध द्यावे लागते. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही नेहमीची नावे. स्ट्रिपवरची लाल रेघ सांगते, की ही औषधे चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत, आणि त्याला कारण आहे.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्या लागतात. ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे त्या नीट शोषल्या जात नाहीत. हृदयाची ताकद कमी झालेल्यांना त्या गजकर्णासाठी देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनबरोबर घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. टर्बिनाफिनने काहींच्या तोंडाची चव जाते, क्वचित यकृताला इजा होते. म्हणून पूर्वीची कावीळ, दारू, गरोदरपण आणि चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना आधीच सांगावी. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासनाच उडाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

खरे नुकसान मात्र बहुतेकदा गोळीच्या आधीच झालेले असते. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज एका रात्रीत थांबते, पण चट्ट्याची कड पुसट होते, रोग ओळखू येत नाही आणि बुरशी आत फोफावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती हातोहात फिरतात. दुसरी अडचण बुरशीचीच आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीला 2020 मध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून नाव मिळाले. तिच्यावर टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही. अशा वेळी कातडीचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, गरजेप्रमाणे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणे फार उपयोगाचे ठरते.

गोळी सुरू झाल्यावर खाज लवकर थांबते, बुरशी थांबत नाही. कातडीचा कोर्स कित्येक आठवडे चालतो; पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन साधारण 12 आठवडे घ्यावे लागते. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, आणि स्वतःचा कोर्स डॉक्टर सांगतील तोवर सोडू नये.