'कामगार' या संज्ञेची व्याप्ती आणि वकिलाची निवड

नोकरीवरून काढून टाकलेला मनुष्य प्रथम चांगल्या वकिलाच्या शोधास लागतो. वस्तुतः त्याआधी एका शब्दाचा निर्णय व्हावयास हवा: कायद्याच्या दृष्टीने तो 'कामगार' आहे काय? व्यवहारात कामगार म्हणजे अंगमेहनत करणारा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मात्र त्या संज्ञेत कारकुनालाही घेतले, आणि न्यायालये हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहत आली आहेत. उलट, गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असे ठरविले. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाचा निराळाच मार्ग दिला. तेथे अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची. हा भेद न जाणणारा वकील, मग तो कितीही वक्तृत्वसंपन्न असो, ते दिवस फुकट घालवील.

कामगार ठरल्यावरही एक चमत्कारिक अट उरते. औद्योगिक न्यायाधिकरणापुढे वकील देण्यास प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची अनुज्ञा लागते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही अट राखली. युनियनचा पदाधिकारी असलेला वकील मात्र त्या नात्याने उभा राहू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिला. म्हणून युनियनच्या कचेरीत आधी चौकशी करणे श्रेयस्कर. ऐपत नसल्यास १९८७ च्या कायद्यान्वये औद्योगिक कामगारास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकील मागता येतो.

पहिल्या भेटीस नेमणूकपत्र, बडतर्फीचा हुकूम आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप दाखविणारे कागद न्यावेत. हुद्दा व्यवस्थापकाचा आणि काम कारकुनी असेल, तर या शेवटच्या कागदांवरच पुष्कळसे अवलंबून असते.