आजीचं ‘ते हे’

शनिवार सकाळ. वाघोलीचं ट्रॅफिक पार करून शिरूरला पोचले, तर आजी चुलीपाशी अडून बसलेली. “अगं, ते हे दे की. ते... भाकरी परतायचं.” मी उलथनं दिलं आणि खो-खो हसले. पुढचे चार वीकेंड हाच सीन. कात्री झाली ‘कापायचं’, चष्मा झाला ‘डोळ्याचं’. पाचव्या वेळी मात्र हसू आलं नाही.

मग पुण्यात न्यूरॉलॉजिस्ट. रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण बी-१२ किंवा थायरॉइडची गडबडही असाच गोंधळ घालू शकते. स्कॅन झाला. आणि मग स्पीच थेरपिस्टकडे तासभर. म्हटलं, भाषेची कसली आलीय टेस्ट?

तर सुरुवात झाली कानांपासून. प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच ना! मग शिक्षण विचारलं. मग वस्तू दाखवून नावं. (डॉ. आलोइस अल्झायमर यांनीही १९०१ मध्ये फ्रँकफर्टला ऑगस्टे देटर या पेशंटला असंच वस्तू दाखवून विचारलं होतं.) आजी कंगव्यापाशी अडली. “केस विंचरायचं...” थेरपिस्ट हळूच म्हणाल्या, “कं...” लगेच “कंगवा!”

ही खरी गोम. वस्तू कशासाठी हे माहीत आहे, पहिल्या अक्षराचा धागा दिला की शब्द येतो, म्हणजे शब्द हरवलेला नाही, सापडत नाहीये. वस्तूचा उपयोगच सांगता आला नसता तर गोष्ट वेगळी होती. विसरलेलं नाव तासाभराने आपलं आपण आठवणं, हे तर आपलंही होतं.

पुढे, “आजी, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा.”

“गाय, म्हैस, शेळी... ढवळ्या, पवळ्या...”

“कुत्रा!” मी.

“अहो, परीक्षा तुमची नाहीये,” थेरपिस्ट म्हणाल्या. मी गप्प. गेले कित्येक महिने आम्ही सगळे घरी हेच करत होतो. आजीचं वाक्य तिच्या आधी संपवत होतो.

अजून एक गोष्ट तिथेच कळली. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या एका टेस्टमध्ये वाचायला आणि एक वाक्य लिहायला सांगतात. शाळाच न पाहिलेला माणूस तिथे आजाराशिवायही नापास! म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेडेगावांसाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी आवृत्तीत वाचण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ असं ठेवलं. तेव्हा आपल्या माणसाला नेताना त्याची बोली आणि शिक्षण आधी सांगा.

निदान झालं: सुरुवातीचा अल्झायमर. आजी एकटी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे.

टेस्टमधून घरी काय आलं? बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच प्रश्न. ‘काय खाणार?’ऐवजी ‘भात की भाकरी?’ ‘ओळख बघू, मी कोण?’ ही परीक्षा कायमची बंद. आणि शब्द अडला तर मनात दहा आकडे.

गेल्या रविवारी पुन्हा “ते हे...” मी मोजायला लागले. दहा झाले. मग म्हटलं, “उ...”

“उलथनं! देतेस का आता?”

तोवर भाकरी करपली होती. तशीच खाल्ली.