जुन्या कॅमेऱ्याचे वय कसे ओळखावे?

अमरावती-अकोल्याकडे काही घरांतून आजोबांच्या ट्रंकेत रोलचा जुना कॅमेरा जपून ठेवलेला असतो. त्याच्यासोबत एखादी हकीकतही सांगितली जाते. समजा, एका घरी सांगतात की, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा अमरावतीजवळ निवर्तले, तेव्हाच्या अंत्ययात्रेचे फोटो याच कॅमेऱ्याने काढले. दुसऱ्या घरी सांगतात की, १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्या वेळचे. फोटोमागे तारीख नसली की अशी हकीकतच इतिहास होऊन बसते. ती पारखण्याची रीत विद्यार्थ्यांना ठाऊक असावी, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम, कॅमेऱ्याची पाठ घाईने उघडू नये. आत न धुतलेला रोल असल्यास उजेड लागून त्यावरील चित्रे कायमची जातील. १२० रोलच्या कॅमेऱ्याला मागे बहुधा तांबडी खिडकी असते. तीत आकडा दिसला तर आत रोल आहे असे समजावे.

नंतर मॉडेलचे नाव व क्रमांक वहीत उतरवावा. रशियन झेनिट-ई कॅमेऱ्याच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात. ६७ म्हणजे १९६७. हे मॉडेलच १९६५ पासून निघू लागले. म्हणजे १९५६ ची हकीकत येथे टिकत नाही, १९६९ ची टिकू शकते.

अमेरिकन कोडॅकच्या १९४० नंतरच्या अनेक भिंगांवर क्रमांकाआधी दोन इंग्रजी अक्षरे असतात. सी, ए, एम, ई, आर, ओ, एस, आय, टी, वाय ही अक्षरे अनुक्रमे १ ते ९ व ० समजावीत. 'ईओ' म्हणजे ४६, अर्थात १९४६. जपानी कॅमेऱ्यावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे कोरलेले असल्यास तो १९४७ ते १९५२ च्या दरम्यानचा होय.

मात्र भिंग बदललेले असू शकते; म्हणून भिंग व कॅमेरा दोन्हींचे क्रमांक पाहावेत. शिवाय निर्मितीचे वर्ष एवढेच सांगते की, फोटो त्याआधीचा नाही. तो कोणी, कोठे काढला हे घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, ती आहेत तोवर त्यांना विचारा आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवा.