मासळी बाजारातला कचरा, कोळंबीचा खुराक

चेन्नईच्या मासळी बाजारात मासे साफ झाले की कल्ले, खवले, आतड्यांचे ढीग उरतात. निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या शहरातल्याच 'सीबा' या केंद्रीय संस्थेने (स्थापना १९८७) त्यातून 'प्लँक्टन प्लस' बनवले. ते तलावात टाकले की प्लवक हे सूक्ष्म जीव वाढतात आणि कोळंबीला आयता खाऊ मिळतो. विकतचे खाद्य तेवढेच कमी लागते. ते पूर्णपणे सुटत नाही, हेही खरे.

कोळंबीशेतीला शिस्त मात्र आधी न्यायालयानेच लावली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यालगतचे कोळंबी तलाव हटवायला सांगितले. पुढे २००५ च्या कायद्याने आलेले किनारी जलशेती प्राधिकरणही चेन्नईतच आहे.

आणि आपला रायगडचा जिताडा मासा? भारतात त्याचे बंदिस्त प्रजनन पहिल्यांदा साधले ते सीबाच्या मुट्टुकाडू केंद्रात, १९९७ मध्ये.