चाकांवरचें बिऱ्हाड वळतें कसें?

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपल्या तोंडीं सहज असते. अमेरिकेंत मात्र हजारों कुटुंबें खरोखरच आपलें बिऱ्हाड चाकांवर घालून देशभर हिंडतात. स्वयंपाकघर, निजण्याची खोली, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या असा सारा संसार पोटांत घेणाऱ्या ह्या 'मोटरहोम' गाड्यांपैकीं मोठ्यांतल्या मोठ्या 45 फूट लांब असतात. एवढें घर अरुंद चौकांत वळवावयाचें कसें, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी टायरांचें आयुष्य व वाटसरूंची सुरक्षितता ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एका आंसावर 20,000 पौंडांहून, म्हणजे सुमारें 9,070 किलोग्रॅमहून, अधिक भार घालण्यास सामान्यतः कायद्याची मनाई आहे. ह्या गाड्यांचें इंजिन बहुधा मागें असतें. त्यामुळें मागील भार एका आंसास झेपत नाहीं. म्हणून इंजिनाची शक्ति घेणाऱ्या चालक आंसाच्या मागें आणखी एक आंस जोडतात. त्यास 'टॅग ॲक्सल' म्हणतात. तो गाडीस गति देत नाहीं. केवळ ओझ्याचा वांटा उचलतो.

परंतु ओझ्याचा प्रश्न सुटला कीं वळणाचा उभा राहतो. गाडी वळतांना सर्व चाकांनीं एकाच मध्यबिंदूभोवतीं फिरावें, म्हणजे प्रत्येक चाकाच्या आंसाची रेषा त्या बिंदूंतून जावी, हें तत्त्व आहे. पुढच्या चाकांकरितां ही रचना म्यूनिकच्या लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें शोधिली, व तिचें इंग्लंडांतील पेटंट 1818 सालीं रूडॉल्फ ॲकरमन यानें घेतलें. आतां मागचे दोन्ही आंस ताठ असले, तर त्यांच्या रेषा समांतर राहतात. समांतर रेषा एका बिंदूंत मिळणार कशा? मग टायर आडवे फरफटतात व लवकर झिजतात.

टॅग आंसाचीं चाकें थोडीं वळूं दिलीं म्हणजे हा तंटा मिटतो. पुढचीं चाकें उजवीकडे वळलीं, तर हीं डावीकडे वळतात. मध्यबिंदु चालक आंसाच्या रेषेवर येतो, आणि गाडी जणूं आखूड होऊन लहान जागेंत वळते.

हें दोन प्रकारांनीं साधतात. पहिल्यांत, लोटावयाच्या टेबलाचीं फिरतीं चाकें जशीं आपोआप रोख धरतात, तशींच हींही धरतात. मात्र गाडी मागें घेतांना तीं उलट फिरूं पाहतात. म्हणून त्या वेळीं त्यांस सरळ करून अडकवून ठेवावें लागतें. दुसऱ्यांत, पुढचीं चाकें किती वळलीं हें मोजून, तेलाच्या दाबानें चालणारा दट्ट्या मागचीं चाकें हिशेबानें वळवितो; त्यामुळें मागें येतांनाही त्यांचा उपयोग होतो. वेग वाढला कीं चाकें सरळ रोखून धरण्याची योजनाही सामान्यतः असते, कारण महामार्गावर चपळतेपेक्षां स्थैर्य महत्त्वाचें.

तथापि, एक धोका उरतोच. गाडीचा पुष्कळ भाग चालक आंसाच्या मागें असतो. गाडी उजवीकडे वळली कीं हें शेंपूट डावीकडे झोंका घेतें, आणि वळण जितकें तीव्र तितका झोंका मोठा. शेजारीं उभी असलेली मोटार, किंवा एखादें मूलही, त्यांत सांपडूं शकतें. म्हणून वळतांना विरुद्ध बाजूचा आरसा पाहणें हें चालकाचें पहिलें कर्तव्य होय. मागच्यानें ताठा सोडला म्हणजे सारें बिऱ्हाड सुखानें वळतें, हें खरें. पण पुढें बसलेल्यानेंही मागें नजर ठेविली पाहिजे.