पदपथापासून पत्त्यापर्यंत: माहीममधील बेघर आणि विभागलेली यंत्रणा

माहीमची खाडी ही मुंबईतील दोन जिल्ह्यांची सीमा आहे. तिच्या दक्षिणेस मुंबई शहर जिल्हा आणि महानगरपालिकेचा जी-उत्तर विभाग असून त्यात दादरचा पश्चिम भाग, माहीम आणि धारावी हे भाग येतात. माहीम कॉजवे ओलांडून वांद्र्याच्या बाजूस गेले की मुंबई उपनगर जिल्हा आणि पालिकेचा एच-पश्चिम विभाग सुरू होतो. ज्याला घर आहे त्याच्या आयुष्यात या सीमेला फारसे महत्त्व नसते, परंतु जो रस्त्यावर झोपतो आणि ज्याला पदपथाची सफाई, पोलिसांचा बंदोबस्त किंवा पावसाचा मारा यांमुळे रातोरात जागा बदलावी लागते, त्याचे या काही मिनिटांच्या चालीत पोलीस ठाणे, शिधावाटप कार्यालय, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आणि आरोग्यसेविका हे सगळेच बदलून जाते आणि आधीच्या ठिकाणी त्याच्यासाठी जे काही सुरू झाले असेल ते अर्ध्यावर राहते. बेघरांच्या प्रश्नाची चर्चा बहुधा जागेच्या किंवा पैशाच्या टंचाईपाशी येऊन थांबते. ती टंचाई खरी आहे, पण तिच्याइतकेच मोठे कारण असे की बेघर माणसाला लागणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या कार्यालयांत वाटल्या गेल्या आहेत आणि त्या एकत्र आणून त्याच्या हाती देण्याची जबाबदारी कोणा एकावर नाही.

बेघर कोणाला म्हणावे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जनगणनेच्या व्याख्येनुसार ज्यांचे वास्तव्य छप्पर असलेल्या वास्तूत नसून उघड्यावर, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलांखाली, जिन्यांखाली, प्रार्थनास्थळांत किंवा रेल्वे फलाटांवर असते, ते बेघर होत. 2011 च्या जनगणनेत अशा लोकांची गणना 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात सुमारे 17 लाख 70 हजार, तर बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले. एका रात्रीत उरकलेल्या मोजणीत, रात्रपाळीची कामे करणारे आणि लपून झोपणारे लोक निसटणार हे उघड आहे. शिवाय पदपथालगत बांबू आणि प्लास्टिक लावून राहणारे कुटुंब झोपडीवासी समजायचे की बेघर, हे गणना करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. म्हणून हा आकडा किमान मानणे योग्य ठरेल.

माहीममध्ये बेघर लोक येतात यामागे साधा व्यवहार आहे. दादरचा फूलबाजार आणि भाजीबाजार पहाटेपूर्वी सुरू होतात आणि तेथे ओझी उचलायला, माल निवडायला माणसे लागतात. धारावीतील कारखाने जवळ आहेत. बांधकामासाठी मजूर जेथे उभे राहतात ते नाकेही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. याखेरीज माहीम हे श्रद्धेचे आणि दानाचे स्थान आहे. पंधराव्या शतकात दिवंगत झालेले सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांचा दर्गा येथे आहे, तर सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेसाठी सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. दर्ग्याच्या परिसरातील काही जुन्या खानावळींसमोर गरीब माणसे रांगेने बसलेली असतात आणि येणारा भाविक खानावळीच्या मालकाकडे अमुक इतक्या माणसांच्या जेवणाचे पैसे भरतो, तेवढ्या माणसांना तेथेच जेवण मिळते. कोणत्याही सरकारी आराखड्यावाचून उभी राहिलेली ही व्यवस्था अनेक दशके चालू आहे आणि भूक भागवण्याचे काम ती चोख करते, ही गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे. पण त्याच रांगेत बसलेल्या माणसाचा खोकला तपासायला, त्याचे आधार कार्ड काढून द्यायला किंवा त्याला निवाऱ्याची जागा दाखवायला नियमाने कोणी तेथे येत नाही. लोक रोज एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी स्वतःहून जमतात, एवढी सोय कोणत्याही समाजसेवा योजनेला सहसा मिळत नाही, आणि ती वाया जाते आहे.

निवाऱ्याचा कायदेशीर पाया सर्वोच्च न्यायालयाने घातला. अन्नाच्या हक्कासंबंधी 2001 मध्ये दाखल झालेल्या याचिकेच्या ओघात 2010 मध्ये न्यायालयाने प्रथम दिल्लीतील निवाऱ्यांविषयी आणि पुढे देशातील इतर मोठ्या शहरांविषयी आदेश दिले, ज्यांचे सार असे होते की शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे चोवीस तास उघडे असणारे एक निवारागृह हवे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हाच निकष स्वीकारला आणि त्यात माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची सोय यांची भर घातली. शिवाय निवारागृहाने तेथे राहणाऱ्यांना शिधापत्रिका, बँक खाते, आरोग्यसेवा आणि रोजगार प्रशिक्षण यांच्याशी जोडून द्यावे, असेही स्पष्ट केले. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या मुंबईत या हिशेबाने सुमारे सव्वाशे निवारागृहे हवीत. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. संख्येइतकाच प्रश्न रचनेचा आहे, कारण निवारागृहे पुरुषांसाठी, स्त्रियांसाठी किंवा मुलांसाठी अशी वेगवेगळी असतात आणि नवरा, बायको व मुले असे कुटुंब एकत्र राहू शकेल अशी जागा दुर्मीळ असते. जे कुटुंब पदपथावर असूनही एकत्र आहे, ते विभागून आत जाण्यापेक्षा बाहेर एकत्र राहणे पसंत करते, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे म्हणता येणार नाही.

मात्र समन्वयाच्या अभावाचा खरा जाच कागदपत्रांत दिसतो. क्षयरोगाचे उदाहरण घेतले तर ही साखळी नीट ध्यानात येते. या रोगावरील औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, उपचार साधारणपणे किमान सहा महिने चालतात आणि रुग्णाला सकस आहार घेता यावा म्हणून निक्षय पोषण योजनेखाली दरमहा ठरावीक रक्कम दिली जाते. 2018 मध्ये ती 500 रुपये होती, पुढे 1000 रुपये झाली. ही रक्कम बँक खात्यात जमा होते. खाते उघडण्यासाठी ओळखपत्र लागते, ओळखपत्रासाठी पत्ता लागतो, आणि ज्याला सकस आहाराची सर्वाधिक गरज आहे त्याच्याकडे पत्ताच नसतो. त्यातच पदपथ मोकळा करण्याच्या मोहिमेत त्याचे गाठोडे उचलले गेले, तर औषधे, उपचारपत्र आणि कसाबसा मिळवलेला एखादा दाखला हे सर्व एकदम जाते आणि मोडलेला उपचार पुढे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे कारण होऊ शकतो. म्हणजे पालिकेचा एक विभाग ज्या माणसावर सहा महिने खर्च करतो, त्याचा उपचार तिच्याच दुसऱ्या विभागाच्या एका सकाळच्या कारवाईने वाया जाऊ शकतो.

ही कोंडी सोडवण्याचे मार्ग नियमांतच आहेत, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसतात म्हणून येथे सांगणे अगत्याचे आहे. ज्याच्याकडे कोणताही पुरावा नाही त्याला नेमून दिलेल्या परिचयकर्त्याच्या साक्षीवर आधार क्रमांक मिळू शकतो. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार बेघर व्यक्तीला मतदार यादीत नाव नोंदवताना पत्त्याचा कागद द्यावा लागत नाही. तिने अर्जात जी जागा लिहिली असेल तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथे झोपते की नाही याची खात्री करायची असते. या नियमात मोठे शहाणपण आहे, कारण त्यात माणसाने कार्यालयाकडे पुरावा घेऊन येण्याऐवजी कार्यालयाने माणसाकडे जायचे आहे. तोच अधिकारी रात्री जाणार असेल, तर त्याच्यासोबत शिधावाटप कार्यालयाचा कर्मचारी, आरोग्यसेविका आणि निवारागृह चालवणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता का जाऊ नये, या प्रश्नाला प्रशासकीय सवयीखेरीज दुसरे उत्तर नाही. मुंबई शहरात मतदार नोंदणी निवडणूक आयोगाकडे आहे, शिधावाटप राज्य सरकारकडे, निवारा आणि प्राथमिक आरोग्य पालिकेचे, झोपडपट्टी पुनर्वसन व म्हाडा ही पुन्हा राज्याची स्वतंत्र प्राधिकरणे; त्यांची रात्रीची फेरी एकत्र निघावी असा आदेश देणारी खुर्ची मात्र नाही.

घराच्या बाबतीत मुंबईचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. 1981 च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवण्याची घोषणा केली, त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले, तरी पदपथ रिकामे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्याच सुमारास स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांची गणना केली आणि त्यातून महिला मिलन ही पदपथावरील स्त्रियांची संघटना उभी राहिली. बचत, सर्वेक्षण आणि घराचा नकाशा या तिन्ही गोष्टी या स्त्रियांनी स्वतः शिकून घेतल्या. 1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथावरील झोपड्यांनाही पात्रता मिळाली, ती अशा प्रयत्नांमुळे. माहीममध्ये पुनर्वसनाचा अलीकडचा दाखला किल्ल्याचा आहे: माहीमच्या किल्ल्यात वसलेल्या अडीचशेहून अधिक झोपड्यांतील रहिवाशांची पात्रता तपासून, त्यांना शहराच्या इतर भागांत घरे देऊन, जी-उत्तर विभागाने 2022 मध्ये किल्ला मोकळा केला. पुरावा हाती असला आणि एका कार्यालयाने काम अंगावर घेतले, तर दशकांचा प्रश्न सुटतो, हे त्यातून दिसते.

परंतु या संपूर्ण धोरणाचा पाया असा आहे की झोपडीच्या बदल्यात घर मिळते. ज्याच्याकडे झोपडीही नाही, जो तुळशी पाइप रोडच्या कडेला केवळ चादर अंथरतो, त्याच्याकडे बदल्यात देण्यासारखे काहीच नसल्याने पात्रतेच्या यादीत त्याला जागाच नाही, आणि मुंबईच्या गृहनिर्माण धोरणातील सर्वांत मोठी पोकळी हीच आहे. पूर्वी ही पोकळी समाज स्वतः भरून काढत असे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत; गोव्याहून आलेल्या खलाशांसाठी गावोगावच्या कूड होत्या, जेथे नाममात्र पैशांत ट्रंक ठेवायला जागा, झोपायला चटई आणि गावची ओळख मिळे. अशा स्वस्त भाड्याच्या जागा जसजशा घटल्या तसतसे एकट्या मजुराला छपराखाली राहण्याचे मार्ग बंद होत गेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती, पण ती मूळ उद्देशाने टिकली नाही. जागा दिली तरी ती कोठे द्यायची हेही महत्त्वाचे असते: तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी माहुलला पाठवले गेले, तेव्हा प्रदूषणाने लोक आजारी पडले आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्यासाठी दरमहा 15 हजार रुपये भाड्याचा आदेश द्यावा लागला.

विभागलेल्या यंत्रणा एकत्र आणण्याची उदाहरणे परदेशात आहेत. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने 2012 पासून शंभराहून अधिक संस्थांना एका नोंदवहीत आणले. बेघर माणूस कोणत्याही दारातून आत आला तरी त्याची एकदाच विचारपूस होते, निकड ठरते आणि रिकाम्या होणाऱ्या भाड्याच्या घरांपैकी एक त्याच्या नावे लागते. तेथील बेघरांची संख्या पुढील दशकात निम्म्याहून खाली आली. फिनलंडने 2008 पासून आणखी पुढचे पाऊल टाकले आणि व्यसन सुटल्यावर किंवा नोकरी लागल्यावर घर देण्याऐवजी घर आधी देऊन बाकीची मदत तेथेच पोहोचवण्याचे धोरण राष्ट्रीय पातळीवर स्वीकारले. हेलसिंकीतील मोठी निवारागृहे भाड्याच्या छोट्या सदनिकांत रूपांतरित झाली. या दोन्ही ठिकाणी भाड्याची घरे हाताशी होती, त्यामुळे त्यांचे धोरण मुंबईत जसेच्या तसे चालणार नाही. एकच यादी, एकच जबाबदार माणूस, हा भाग मात्र उचलण्यासाठी घरांची वाट पाहण्याची गरज नाही.

मानसिक आजार असलेल्या बेघरांच्या बाबतीत तर समन्वयाशिवाय काहीच होऊ शकत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन उपचारापर्यंत नेण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले आहे. रस्त्यावरून माणसाला आणणे, उपचार करणे, त्याची भाषा आणि गाव शोधणे आणि त्याला कुटुंबापर्यंत सोडणे ही सर्व कामे एकाच हाताने केली तर काय साधते, हे कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने दाखवले आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसऱ्या बाजूला 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्याखाली पदपथावरील गरिबाला पकडता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्याच्या अनेक कलमांना दिल्लीपुरते घटनाबाह्य ठरवले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा कोशिश हा प्रकल्प 2006 पासून याच क्षेत्रात काम करत असून या कायद्याच्या जागी पुनर्वसनाचा कायदा यावा ही त्याची मागणी रास्त आहे, कारण ज्या गणवेशाला पाहून माणूस पळतो त्याच गणवेशाने दिलेली मदत तो विश्वासाने घेईल अशी अपेक्षा करता येत नाही.

माहीमपासून जवळच, दादर आणि परळमध्ये, समन्वयाचे एक लहान पण पक्के रूप पाहायला मिळते. टाटा रुग्णालयात उपचारासाठी देशभरातून येणारे कर्करुग्ण महिनोन् महिने मुंबईत राहतात, आणि त्यांपैकी अनेकांना संत गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत अल्प दरात राहण्याची आणि जेवणाची सोय मिळते. रुग्णालयाला माणसाची निकड ठाऊक असते, धर्मशाळेकडे खाट असते आणि दोघांत थेट संबंध असतो. समन्वयाला याहून अधिक काही लागत नाही. तरीही जागा अपुरी पडते आणि रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर रुग्ण झोपलेले दिसतात. 2021 मध्ये म्हाडाने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी 100 सदनिका देऊ केल्या, तेव्हा लालबाग-काळाचौकी भागातील रहिवाशांचा आक्षेप आला, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि अखेर बॉम्बे डाइंगच्या परिसरातील पर्याय निवडला गेला. शेजाऱ्यांशी बोलणे हाही समन्वयाचा भाग आहे, आणि तो आधी उरकला तर वेळ वाचतो.

माहीमपुरते पाहिले तर आरंभ करण्यासाठी फार काही लागत नाही: सहायक आयुक्तांच्या कार्यालयात बेघरांची नावानिशी एक नोंदवही, ती सांभाळणारा एक नेमलेला अधिकारी, दर्ग्याच्या परिसरात आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, पदपथ मोकळा करण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याला कळवण्याची सक्ती, उचललेले कागद व औषधे परत देण्याची व्यवस्था, आणि खाडीपलीकडच्या एच-पश्चिम विभागाला त्याच नोंदवहीतून पुढील माहिती पोहोचवण्याची पद्धत. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक 1 मार्च 2027 आहे, आणि अशी नोंदवही त्याआधी तयार झाली तर बेघरांची मोजणी करणाऱ्यांना कोठे जायचे आणि कोणाला विचारायचे हे या विभागात तरी आधीपासून माहीत असेल.